आबांची टिचकी

भिंत वाळली होती. हे आता आबांनाही मान्य करावं लागलं.

सकाळी चहाच्या आधीच ते न्हाणीघरात गेले आणि बोडक्या भिंतीला गाल लावून उभे राहिले. गालाला गार लागलं नाही. मग दुसरा गाल लावला. तोही कोरडाच. बाहेर येऊन कुणाकडे न बघता म्हणाले, "वाळलीय." हा एक शब्द बोलायला त्यांनी पंधरवडा लावला होता, आणि तोही भिंतीवर उपकार केल्यासारखे बोलले.

ह्या न्हाणीघराला घरात मान होता. लग्न झाल्यावर आबांनी तिथल्या टाइल स्वतःच्या हातानं बसवल्या होत्या. धंद्याच्या सुरुवातीच्या दिवसांत नवं गिऱ्हाईक आलं, की चहा पाजायच्या आधी ते त्याला न्हाणीघर दाखवायचे. माई आत असल्या तर गिऱ्हाईक बाहेर थांबायचं. पण यंदा भिंतीपलीकडे थोरल्याच्या खोलीत कपाटाच्या पाठीला ओल धरली, सुनेच्या चांगल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला आणि टाइल काढाव्याच लागल्या. काढताना एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली. एकही टाइल अख्खी सुटली नाही. छिन्नीनं तुकडे करावे लागले, इतक्या त्या भिंतीला धरून होत्या. गळत होता तो आतला पाइप. पाइप आबांनी बसवला नव्हता, हे त्यांनी प्लंबरला, शेजाऱ्यांना आणि राडारोडा न्यायला आलेल्या गाडीवाल्यालाही सांगितलं.

आता त्या भिंतीवर काय लावायचं, ह्यावरून घरात दोन तट पडले होते. आबा आणि थोरला एकीकडे, धाकटी मुलगी आणि तिची वहिनी दुसरीकडे. माई कुठे आहेत ते कुणाला कळत नव्हतं आणि त्या कळू देत नव्हत्या.

धाकटीचं घरातलं नाव ओळंबा. भिंत सरळ आहे का ते बघायला मिस्त्री दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. लहानपणापासून ही तशीच, कुणी कितीही हलवलं तरी शेवटी सरळच उभी. लाडानं पडलेलं नाव आता तक्रारीतच जास्त कामाला येई. इतकी वर्षं तिनं बापाच्या आणि भावाच्या हाताखाली टाइल बसवल्या, आणि आता पहिल्यांदा स्वतःचं काम आणलं होतं. मोठ्या इस्पितळातल्या नर्सेसच्या वसतिगृहाची सगळी न्हाणीघरं नवी करायची होती. तिथल्या मॅट्रनबाईंना टाइल नको होत्या. त्यांना भिंतीवर लावायची पॅनेलं हवी होती, पाण्यानं बिघडणार नाहीत आणि फडक्यानं पुसली की झालं, अशी. त्यांची अट एकच. काम आबा स्वतः बघणार असतील तरच. आज दुपारी त्या आबांना फोन करून तसं विचारणार होत्या.

आणि आबांचीही अट एकच. "आधी माझ्या बाथरूममध्ये लावून दाखव. पटलं तर माझं नाव घे. नाही पटलं तर मी फोन उचलणार नाही."

*

बाहेरच्या खोलीत जमिनीवर तीन नमुने मांडले होते. आबा खुर्चीवर बसले होते, थोरला त्यांच्या मागे उभा होता. फोटो काढायला बसावं तसं.

"भिंतीला कपडे घालायचे," आबा म्हणाले. "हे आपल्या घरात व्हायचं होतं. भिंत करायची असते बाई, झाकायची नसते."

"भिंत केलीय आबा. पाइप बदलला, वाळवली, गिलावा केला. तुम्हीच गाल लावून बघितलात."

"मी कशाला गाल लावू?"

"गालाला अजून सिमेंट आहे," वहिनी म्हणाली आणि चहाचे कप घेऊन आत सटकली.

आबांनी गाल पुसला आणि पहिला नमुना मांडीवर ओढला. मग तीच टिचकी मारली, जिच्या धाकात ह्या घरातली सगळी माणसं वाढली होती.

कुठलंही काम संपलं, की आबा भिंतीसमोर उभे राहत आणि एकेका टाइलला टिचकी मारत पुढे जात. आवाज भरीव आला तर पुढची टाइल. पोकळ आला तर एकच शब्द, "उपट." ज्यानं बसवली त्यानंच आपल्या हातानं ती उपटायची. का, कशाला, चालणार नाही. आधी उपट, मग विचार, असा घरचा कायदाच होता. थोरल्यानं हा शब्द लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा ऐकला होता. हाताखालची कितीतरी माणसं तो ऐकून रडली, काही सोडून गेली आणि उरली ती मिस्त्री झाली. आबांना मात्र हा शब्द कुणी म्हणालं नव्हतं. तशी वेळच आली नाही, असं आबा म्हणत. कुणाची छाती झाली नाही, असं माई म्हणत, पण ते स्वयंपाकघरात.

पहिला नमुना टपटप वाजला. आतून नळ्या नळ्या असलेलं, हलकं प्लास्टिक होतं ते.

"डबा आहे हा," आबा म्हणाले. थोरला हसला.

"बरोबर. कुणाचा कोपर लागला तरी खड्डा पडतो. हा मलाही नको," ओळंबा म्हणाली.

आबांना हे आवडलं नाही. भांडण्याच्या तयारीनं बसलेल्या माणसाला 'बरोबर' म्हटलं, की त्याची पंचाईत होते. त्यांनी दुसरा नमुना घेतला. टिचकीचा आवाज असा भरीव आला, की थोरला पुढे वाकला.

"ऐकलंस? ह्याला म्हणतात माल. आबा, हाच," तो म्हणाला.

"हाच," आबा म्हणाले. "आणि हा तिसरा?" तिसऱ्याला टिचकी मारली तर मठ्ठ आवाज आला, बाहेर बसलेल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तसा. "हा तर मुकाच आहे. संपलं. तो दुसराच आण, मग बघू."

ओळंबा अंगणात गेली आणि बादली घेऊन आली. त्यात त्याच तीन मालांचे कापलेले तुकडे बुडवलेले होते. कितीतरी दिवस ती त्यांवर गरम पाणी ओतत आली होती, आणि कपडे भिजत घातलेत असं समजून वहिनीनं त्या बादलीला हात लावला नव्हता. तिनं दुसरा तुकडा काढून आबांच्या हातात दिला. वरून चकचकीत होता, पण कापलेली कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली होती. आबांनी अंगठ्यानं दाबलं तर लाकडाचा भुगा हातात आला.

"आत भुसा आहे," ती म्हणाली. "म्हणून भरीव वाजतो. पण नळाला भोक पाडायचं, कोपऱ्यात कापायचं, तिथे आतलं उघडं पडतं. कितीही बुजवा, कधीतरी पाणी शिरणारच. आणि वसतिगृहात रात्रंदिवस कुणी ना कुणी आंघोळ करतंय." तिनं तिसरा तुकडा काढला, खिशातल्या फडक्यानं पुसला आणि कोरड्या नमुन्याशेजारी ठेवला. कुठला पाण्यातला आणि कुठला कोरडा, हे सांगता येत नव्हतं. "दगडाची पूड आणि प्लास्टिक दाबून केलाय. कापा कुठेही, आत तेच."

"म्हणजे माझा कान खोटं बोलतो?"

थोरल्यानं बहिणीला डोळ्यांनी खुणावलं, की आता पुरे.

"कान खरंच बोलतो आबा. पण तो टाइलचा कान आहे. टाइल जाते ती पोटातून, म्हणून तिला टिचकी. हे जातं कडेनं. ह्याची परीक्षा कडेलाच घ्यायला हवी."

आबा त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी माईंकडे पाहिलं. अडचण आली की ते तिकडे बघत आणि आपण बघत नाही असं समजत.

"मला काय विचारता?" माई म्हणाल्या. "तुमच्या टाइलचा सांधा केसाएवढा, साऱ्या गावात नाव. पण त्या केसात साचलेलं काळं घासलं कुणी? तुमचे सांधे घासून घासून माझे सांधे गेले. हात खांद्याच्या वर जात नाही. गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं तोवर दाखवलंत. आता मला सुखानं आंघोळ करू द्या."

थोरल्याच्या बाजूचं एक माणूस असं बघता बघता गेलं. ते कधी त्याच्या बाजूला होतं का, हा प्रश्न निराळा.

"तिसरा आण," आबा म्हणाले आणि उठले. "पण पहिला पट्टा मी लावणार."

*

तिसऱ्या मालाची पॅनेलं ओळंब्यानं आधीच अंगणात आणून ठेवली होती. आबांना काम करताना बघणं हे सुख होतं, हे ओळंब्यालाही कबूल करावं लागलं. गुडघे कुरकुरत होते, पण हात विसरले नव्हते. त्यांनी कोपरा मोजला, पॅनेल कापलं, चिकटवायच्या पेस्टचे नागमोडी पट्टे मारले. मग पॅनेल उचलून जमिनीवर टेकवलं आणि भिंतीला दाबलं. पाणसळ लावली तर बुडबुडा बरोबर मध्ये. थोरल्यानं टाळी वाजवली. आबांनी तळव्यानं पॅनेल वरपासून खालपर्यंत चोपलं आणि एक पाऊल मागे सरकले.

"ह्यात काय आहे मोठं?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "भिंत ती भिंत आणि हात तो हात."

ओळंब्यानं खाली पाहिलं. पॅनेल जमिनीवर घट्ट टेकलं होतं आणि कोपऱ्यात दुसऱ्या भिंतीला रुतलं होतं. आयुष्यभर सांध्यात नख शिरू न देणारा माणूस दुसरं काय करणार? आणि इथे नेमकं तेच चुकलं होतं. हा माल गरम पाण्यानं थोडा थोडा वाढतो. खाली आणि कोपऱ्यात फट ठेवावी लागते, आणि ती वाळल्यावरही रबरासारख्या मऊ राहणाऱ्या सिलिकॉननं भरावी लागते.

ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. वहिनीनं तिचं तोंड बघितलं, आणि मग न्हाणीघराच्या दिशेनं बघितलं.

"चुकलंय?"

"हो."

"मोठं?"

"महिनाभरात फुगून पोट काढेल."

वहिनी जवळ आली. "वन्सं, ऐका माझं. आता एक शब्द बोलू नका. फोन येईल, ते हो म्हणतील. जेवून झोपले की काढा आणि दुसरं लावा. जास्तीचं आहेच. कुणाला कळतंय? ह्या घरात इतकी वर्षं अशीच काढलीत मी. भाजी खारट झाली तरी तुमच्या भावाला सांगते, की मिठाची जात बदललीय."

थोरला दारात येऊन ऐकत होता. तो बहिणीवर ओरडणार, असं दोघींना वाटलं. पण तो मान खाली घालून म्हणाला, "मलाही दिसलं. तू शिकवलं होतंस ना मला, खाली फट ठेवायची म्हणून. एक करू. मी सांगतो की पॅनेल मीच लांब कापून दिलं. माझ्यावर घे. मला सवय आहे."

तिला भावाची दया आली आणि त्याहून जास्त माया. पन्नाशीला आलेला हा माणूस अजून बापापुढे आपली मान पुढे करायला तयार होता, आणि तीही तिच्यासाठी. खोटं बोलणं किती सोपं झालं होतं. सगळं घर मदतीला उभं होतं. आणि ती खरं बोलली तर आबा फोन उचलणार नाहीत, काम जाईल आणि ती पुन्हा दुसऱ्यांच्या कामावर सिमेंट कालवेल. हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"नको दादा," ती म्हणाली. "वसतिगृहाच्या कामावर एखाद्यानं असंच लावलं तर मी त्याला काय म्हणू?"

*

आबा अजून भिंतीसमोरच होते.

"कसं वाटतं?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, फक्त ऐकायचं होतं.

ओळंबा खाली बसली. तळाच्या कडेला तिनं नख लावलं. शिरलं नाही. कोपऱ्यात लावलं. तिथेही शिरलं नाही.

"शोध, शोध. नख शिरलं तर नाव बदलीन," आबा म्हणाले.

ती उठली. तिनं हात पाठीमागे घेतले.

"आबा, उपटा."

बाहेर वहिनीनं तोंडावर पदर धरला. थोरला भिंतीला टेकला. आबांना आधी वाटलं, की आपल्याला ऐकू आलं नाही. मग वाटलं, की ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ह्या हातानं ज्या भिंती केल्या, त्यांतल्या काही ह्या पोरीच्या जन्माच्या आधीच्या होत्या.

"काय म्हणालीस?"

"उपटा म्हणाले."

"का?"

"अहो," दारातून माई म्हणाल्या, "आधी उपटा, मग विचारा. कायदा तुमचाच आहे."

आबांनी बायकोकडे पाहिलं. माईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या नुसत्या वाट बघत होत्या. हे वाक्य बोलायला मिळेल म्हणून त्या किती वर्षं थांबल्या होत्या, ते त्यांनाच माहीत.

आबा वळले. त्यांनी पॅनेलच्या वरच्या कडेत पातळ थापी सरकवली. थोरला मदतीला पुढे झाला, तसा हातानं त्याला अडवला. "ज्यानं लावलं त्यानं." पेस्टनं अजून धरलं नव्हतं. तार तार होत पॅनेल सुटलं. आबांनी ते उचलून भिंतीला उभं केलं, आणि मग गिलाव्यावरची पेस्ट एकेक पट्टा करून खरवडून काढली. कुणी घाई करत नव्हतं.

खरवडता खरवडता त्यांचा राग कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. एवढंच कळलं, की गेली काही वर्षं जी एक काळजी झोप लागू देत नव्हती, ती आज जागेवर नाही. आपल्या माघारी ह्या कामावर बोट कोण ठेवणार, ही ती काळजी. थोरला कष्टाळू होता, पण कुणाचं मन मोडणं त्याला जमत नसे. आणि ज्याला 'उपट' म्हणता येत नाही, त्याच्या भिंती कधी ना कधी पडतात. पोरीनं परक्याला म्हटलं असतं तर एक वेळ समजलं असतं. तिनं बापाला म्हटलं, तेही ज्या दिवशी सगळं त्याच्या 'हो'वर अडकलं होतं त्या दिवशी. ते उगाचच खोकले.

"आता विचारतो," ते म्हणाले. "का?"

"टाइल जागची हलत नाही आबा. हे गरम झालं की जरा पसरतं. जागा दिली नाही तर पोट काढतं."

"म्हणजे जेवल्यावर पट्टा सैल करावा तसं."

"तसंच."

"मग नीट सांगायचं ना आधी."

"सांगितलं होतं, नमुने आणले तेव्हाच. तुम्ही तेव्हाही म्हणालात, भिंत ती भिंत."

"म्हणालो असेन," आबा म्हणाले. "खाली किती फट?"

माईंनी स्वयंपाकघरातून काडेपेटी आणून पुढे केली. ओळंब्यानं दोन काड्या जमिनीवर आडव्या ठेवल्या, आबांनी पॅनेलची कोपऱ्याकडची कड थोडी कापली, थोरल्यानं पेस्ट मारली. तिघांनी मिळून ते त्या काड्यांवर टेकवलं. आबांनी सवयीनं टिचकी मारायला बोट उचललं, तसंच खाली घेतलं, आणि वाकून तळाच्या कडेला नख लावलं. शिरलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"दादा, सिलिकॉनची गन दे," ती म्हणाली. थोरल्यानं ती दिली आणि आबांना ऐकू जाईल अशा बेतानं बायकोला म्हणाला, "लग्नाच्या आदल्या दिवशी मला उपटायला लावलं होतं, सांगितलं होतं ना तुला? आज फिटलं बघ." तो इतका खूश होता, की आबाही हसले.

फोन वाजला तेव्हा आबांची बोटं पेस्टनं बरबटलेली होती. त्यांनी तशाच बोटांनी बटण दाबलं. मॅट्रनबाईंचा आवाज मोठा होता, दारापर्यंत सगळ्यांना ऐकू आला.

"मला एवढंच सांगा, काम तुम्ही स्वतः बघणार ना? नाहीतर मी दुसरीकडे देते."

"नाही," आबा म्हणाले.

ओळंब्याच्या हातातली गन तशीच राहिली.

"मी हाताखाली असेन, गुडघे चालतील तेवढं. बघणार माझी मुलगी."

"अहो, मला तुमची खात्री हवी आहे. मुलीची नाही."

"बाई," आबा म्हणाले, आणि हे बोलताना ते भिंतीकडे नाही, मुलीकडे बघत होते, "आज सकाळी मी माझ्या घरात, माझ्या हातानं एक काम केलं. तिनं ते मला उपटायला लावलं. तुमचा फोन यायचा आहे हे माहीत असताना. मला आजवर कुणी असं म्हणालं नव्हतं. आता ह्याहून मोठी खात्री मी तुम्हाला कुठून आणून देऊ?"

"फोन तिच्याकडे द्या," मॅट्रनबाई म्हणाल्या.

आबांनी फोन आपल्या सदऱ्याला दोन्ही बाजूंनी नीट पुसला आणि मुलीपुढे धरला.